ठासणीचं तेल

सुहासिनीचा फोन आला तेव्हा वनमालाचे दोन्ही हात पिठात होते. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका गाळ्याच्या मागच्या अंगाला द्रौपदीची खानावळ होती, आणि तिथं वनमाला सकाळपासून भाकऱ्या थापायची. दुपारच्या सुट्टीत आजूबाजूच्या गाळ्यांतली मशीनवरची माणसं जेवायला आली की मान वर करायला फुरसत नसायची. द्रौपदीनं लुगड्याला हात पुसले, फोनचं बटण दाबलं आणि तो पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला.

"बोल गो," वनमाला म्हणाली.

सुहासिनी तिची धाकटी जाऊ. कणकवलीच्या आतल्या अंगाला त्यांचं गाव. गणपतीला या वर्षी वनमाला गेली नव्हती. नवऱ्याला जाऊन अजून वर्ष व्हायचं होतं.

"वयनी, भात पोटरेक इला हा," सुहासिनी म्हणाली. "वरच्या कोपऱ्यात काल डुकरा नाचान गेली. ह्ये बंदूक काढतंय म्हणतत. मी काढूक देवचंय नाय. गेल्या वर्षासारख्या झाला तर मी काय करू?"

"गेल्या वर्षासारख्या म्हणजे?"

पलीकडं दार लोटून घेतल्याचा आवाज आला.

"सुहासिनी, गेल्या वर्षी काय झाला?"

"ह्यांनी शपथ घातलेली, वयनी. वाडीतल्या सगळ्यांका गप रवाक सांगितलेल्यानी." सुहासिनीचा आवाज फाटला. "दसऱ्याच्या आधी डुकरान ह्यांची मांडी फाडल्यान. बंदूक उडाकच नाय. चाप ओढल्यानी, घोडो हललोच नाय. डुकर समोर आणि ह्ये नुसते ओढतत. खाटेवर होते दिवाळी जावन गेली तरी."

वनमालाचा हात परातीतच राहिला. तव्यावरची भाकरी करपायला लागली तशी द्रौपदीनं ती उलथली.

धाकू, वनमालाचा नवरा, गेल्या कार्तिकात गेला. त्याच्या बाराव्याला गावाहून सुहासिनी एकटीच आली होती. गुणाजीभावजींना ताप आहे म्हणाली होती. सख्खा भाऊ गेला आणि तापाचं निमित्त करून घरी बसले, हे वनमालाच्या मनातून काही गेलं नव्हतं. वर्षभर ती दिराशी धड बोलली नव्हती. त्याचा फोन आला की "बरी आसंय" एवढं म्हणायची आणि फोन मुलाच्या, सर्वेशच्या हातात द्यायची. गुणाजी बिचारा तिकडून "वयनी, वयनी" करत राहायचा.

"घोडो कित्या हलाक नाय?" तिनं विचारलं, पण तिला उत्तर कळलं होतं.

"मोठ्या भावजींचा तेल येवक नाय मां. ते हॉस्पिटलात. ह्यांनी स्कूटरचा तेल घातल्यानी."

---

बंदूक ठासणीची होती. सासऱ्यांच्या वेळेपासून शेतीच्या राखणीचा परवाना होता, आता तो गुणाजीच्या नावावर होता. तोंडातून दारू भरायची, गजानं ठासायची, वर केपची टिकली लावायची. बार काढला की नळीत आणि घोड्याच्या खाली जी काजळी बसते ती गाडीच्या किंवा यंत्राच्या तेलात मिसळली की तिचं डांबर होतं. म्हणून तिला चरबीचंच तेल लागायचं. पूर्वी गावात डुक्कर मारलं की त्याच्याच चरबीचं करत. आता डुक्कर पडलं तर वनखात्याला कळवायचं, त्याला हात लावायचा नाही. तेव्हापासून धाकू मुंबईतून तेल पाठवायचा. श्रावण आणि गणपती संपले की नवरात्र बसायच्या आत, घराच्या मागच्या गल्लीत रॉकेलचा स्टोव्ह पेटवून बसायचा. वनमाला नाकाला पदर लावून त्याला चहा नेऊन द्यायची. तिनं सगळं पाहिलं होतं. हाताने काहीच केलं नव्हतं.

"आई, गन ऑइल ऑनलाइन मिळतं," सर्वेश म्हणाला. तो लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत होता, तेला-ग्रीसातला माणूस. "दोन दिवसांत दारात येईल. हे चरबी-बिरबी कशाला?"

"ता पण स्कूटरच्या तेलाच्याच जातीचा ना?"

सर्वेशनं मोबाइलवर बघितलं, तसंच होतं. त्यानं मोबाइल खिशात टाकला. थोड्या वेळानं म्हणाला, "काकाला टाके किती पडले होते?"

"माका म्हायत नाय. माका कायच म्हायत नाय रे," वनमाला म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

रविवारी ती एकटीच मालाडला ऑर्लेमच्या बाजूला गेली. धाकूबरोबर एकदा ती त्या डुकराच्या मटणाच्या दुकानाच्या बाहेर उभी राहिली होती, आत गेली नव्हती. आज गेली. गल्ल्यावर झग्यातली एक जाडजूड बाई होती.

"पोटातली चरबी पाहिजे. गुर्द्याच्या भोवतीची. मीठ न लावलेली."

बाईनं तिच्याकडे निरखून पाहिलं. "ये तो बंदूकवाला अंकल मांगता था. तू त्याची कोण?"

"बायको."

"अंकल किधर है? लास्ट इयर आया नहीं."

"गेले."

बाईनं छातीवर क्रूस काढला. मग स्वतः उठून आत गेली, चांगली पांढरी, पडद्यासारखी चरबी निवडून आणली, पोऱ्याला कापू न देता स्वतःच कापली. वर आणखी एक मोठा तुकडा टाकला आणि म्हणाली, "हा माझ्याकडून. अंकल मेरे को हर साल काजू लाके देता था."

धाकूनं हे कधी घरी सांगितलं नव्हतं. पिशवी छातीशी धरून वनमाला बसमध्ये बसली. पिशवीचा गार ओला स्पर्श पोटाला लागत होता आणि तिला बाहेर बघता बघता रडू येत होतं.

---

रॉकेल आता मिळत नव्हतं. तिनं घरच्या गॅसवरच पातेलं चढवलं. अर्धी चरबी फ्रीजमध्ये ठेवली, अर्धी बारीक चिरून आत टाकली. धाकू सुरुवातीला पाणी घालायचा हे तिच्या लक्षात होतं, ते घातलं. आच किती ठेवायचा हे मात्र आठवेना. रॉकेलच्या स्टोव्हची निळी ज्योत आणि गॅसची ज्योत एक नव्हती. चरबी विरघळायला लागली तशी तिला धीर आला. भांडी घासायला ती मोरीवर बसली.

वास आधी आला, मग धूर. ती धावत आली तोवर पातेल्याच्या बुडाला चोथा काळा पडला होता आणि वर तपकिरी चरबी फसफसत होती. तिनं गॅस बंद केला, खिडकी उघडली. उघडायला नको होती. चारकोपची ती बैठी घरं, मध्ये सगळ्यांचं मिळून एक अंगण. धूर अंगणात गेला आणि तिथून प्रत्येकाच्या दारात.

पहिल्यांदा हर्षद आला. सोसायटीचा सेक्रेटरी, सर्वेशच्याच वयाचा.

"काकी, काय जळतंय? आमच्या मम्मीला दमा आहे. ती बाहेर येऊन बसलीये."

"झालं बाबा, बंद केलं."

"पण काय आहे हे?"

वनमालानं सांगितलं. खोटं बोलणं तिला सुचलंच नाही. हर्षदच्या मागं चार बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या. डुकराचं नाव निघताच एकीनं नाकाला ओढणी लावली, दुसरी म्हणाली, "बंदूक? म्हणजे काय, घरात बंदूक आहे?"

"घरात नाही हो. गावी. शेतीसाठी."

"काकी, काकांच्या वेळी आम्ही कधी बोललो नाही," हर्षद म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, तेच तिला जास्त लागलं. "ते मागे गल्लीत करायचे, वर्षातून एकदा. पण हे घरात नको ना. प्लीज. मम्मीला रात्री नेब्युलायझर लावावा लागेल आता."

वनमाला त्याच्याबरोबर बाहेर गेली. हर्षदची आई पायरीवर बसून छाती धरून श्वास घेत होती. वनमालानं तिच्या पाठीवर हात ठेवला तर तिनं हात झटकला नाही, पण बोललीही नाही. वनमाला परत आली, करपलेली चरबी जुन्या डब्यात ओतली, डबा पिशवीत बांधला आणि पातेलं राखेनं घासत बसली. तीनदा घासलं तरी हाताला वास राहिला. सर्वेश कामावरून आला तेव्हा ती तशीच मोरीवर होती.

"सोड ना आई," तो म्हणाला. "मी काकाला सांगतो, या वर्षी बंदूक काढू नको. फटाके लाव."

"डुकरा फटाक्यांका भियत नाय आता. तेंका सवय झाली." तिनं पातेलं उपडं घातलं. "माझ्या घोवाच्या बाराव्याक तो मांडी शिवान खाटेवर पडलेलो रे. आणि मी तेका वर्षभर वाईट बोललंय. मनात बोललंय. ता कोणाक सांगू?"

सर्वेश तिच्याशेजारी पाटावर बसला. तिच्या हातातली घासणी काढून घेतली आणि उरलेली भांडी त्यानं घासली.

---

द्रौपदीला विचारायचा धीर वनमालाला दोन दिवस झाला नाही. खानावळ दुपारनंतर रिकामी असायची, मोठी शेगडी होती, भिंतीत धूर ओढायचा पंखा होता. पण लोकांचं जेवण रांधायची ती जागा. आणि भिंतीवर हार घातलेली बुद्धाची तसबीर होती. शेवटी भांडी आवरताना तिनं खाली बघूनच सगळं सांगितलं.

द्रौपदी मंगळवेढ्याकडची. शिडशिडीत, काटक, बोलायला सडेतोड. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"वनमालाताई, एक इचारू? बंदूक जीव मारायलाच का?"

"कधी मारतात. खोटं कशाला बोलू? परवाना आहे. पण भावजी वरतीच बार काढतात. आवाजानं पळतात डुकरं. गेल्या वर्षी आवाज झाला नाही, म्हणून तर ते अंगावर आलं."

द्रौपदी बराच वेळ ओट्यावरून फडकं फिरवत राहिली. पुसलेलाच ओटा पुन्हा पुसत होती.

"माझा बाप दुसऱ्याच्या ज्वारीची राखण करायचा," ती म्हणाली. "माळ्यावर बसून. हातात गोफण आन् घसा. वरडून वरडून सकाळी बोलता येत नसायचं त्याला. आम्ही त्याच्या तोंडाकडं बघून त्याला काय पाहिजे ते ओळखायचो. एकदा डुकरानं माळ्याचा खांब उकरला. खाली पडला. तो वाचला, पण कंबर गेली ती गेलीच." तिनं फडकं पिळलं. "रविवारी बंद असतंय इथं. दुपारी ये. पातेलं मात्र तुझं आण."

"तुमच्या गिऱ्हाइकांना कळलं तर?"

"शेगडी धुऊन घेऊ की. हात धुतल्याशिवाय का सोमवारी भाकरी थापणार हाईस?"

रविवारी दोघींनी दार लोटून घेतलं आणि पंखा लावला. वनमालानं फ्रीजमधली गारठलेली चरबी चिरायला घेतली. सुरी सारखी घसरत होती, बोटं बधिर झाली होती. द्रौपदी समोर बसून दुसऱ्या सुरीनं चिरू लागली. पांढरा पडदा सोलून काढायचा, रक्ताचा धागा दिसला तर तो वेगळा करायचा. पातेल्यात पाणी, वर चरबी. शेगडी इतकी मंद की ज्योत दिसेना.

या वेळी वनमाला हलली नाही. लाकडी डावानं ढवळत राहिली. दंड भरून आला तर डाव दुसऱ्या हातात घेतला. चरबी हळूहळू पारदर्शक होत गेली, पाणी आटताना तळाशी चुरचुर झाली, मग ती चुरचुर मंदावली. चोथ्याचे तुकडे सोनेरी होऊन वर तरंगायला लागले. वास येत होता, पण करपल्याचा नव्हता, तुपासारखा जड.

"आता?" द्रौपदीनं विचारलं.

"आमचे हे आवाज थांबला की उतरवायचे. आवाज ऐकत बसायचे. मला वाटायचं, झोपले." वनमालाला हे आत्ताच आठवलं. स्टोव्हपाशी डोळे मिटून बसलेला धाकू. ती चहा घेऊन यायची आणि तो बोट वर करायचा, बोलू नको म्हणून.

दोघी आवाज ऐकत बसल्या. चुरचुर थांबली तशी वनमालानं गॅस बंद केला. जुन्या धोतराच्या दुहेरी फडक्यातून गाळलं. गरम पाणी घालून घुसळलं, निवू दिलं. पाणी खाली राहिलं, चरबी वर साय धरून आली. मग ती साय जाड मांजरपाटाच्या पुरचुंडीत बांधली, परातीत ठेवली आणि वर पाटा ठेवला.

काहीच गळेना.

"ते दगडावर बसायचे का?" द्रौपदीनं विचारलं.

"नाही, ते दोन्ही हातांनी दाबायचे. बाप्या माणसाचा जोर."

"मग आपून बसू." द्रौपदीनं लुगडं सावरलं आणि पाट्यावर सरळ बसली. पाटा डुगडुगला. वनमालानं तिला दोन्ही दंडांना धरलं. द्रौपदीला हसू फुटलं, आणि ती हसली तशी पाटा दबला. पुरचुंडीच्या कडेनं पिवळंजर्द तेल परातीत उतरायला लागलं.

"हस गं, आणखी हस," वनमाला म्हणाली, आणि मग तिलाही आवरेना. धाकू गेल्यापासून ती अशी हसली नव्हती. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, नाक गळायला लागलं, तरी तिनं द्रौपदीचे दंड सोडले नाहीत.

तेल औषधाच्या रिकाम्या बाटल्यांत भरलं. फडक्यात राहिलेली घट्ट चरबी डबीत भरली. ती चिंध्यांना लावून नळीत फिरवायला. मग दोघींनी शेगडी, ओटा, फरशी सोड्यानं घासून काढली. सोमवारी दुपारी लेथवरचे कामगार जेवायला आले, आणि एकानंही नाक मुरडलं नाही.

---

सर्वेशनं सुट्टी टाकली आणि स्वतः तेल घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी त्यानं फोटो पाठवला. अंगणात पोत्यावर बंदूक खोलून ठेवलेली, शेजारी गुणाजी एक पाय सरळ पुढं टाकून बसलेला. वनमालानं तो फोटो मोठा करून बघितला. फाटकी बनियन, पांढरी दाढी, आणि मांडीवर लुंगीच्या खाली काळपट जाड वण. फोटोच्या खाली सर्वेशनं लिहिलं होतं, 'स्कूटरचं तेल खरवडून काढायला अख्खा दिवस गेला. आता मख्खन चालतोय घोडा.'

दोन दिवसांनी तिन्हीसांजेला फोन आला. वनमाला खानावळीत उद्याची मेथी निवडत होती.

"वयनी." गुणाजीचा आवाज होता.

तिनं फोन सर्वेशला द्यायला मागंपुढं पाहिलं नसतं, पण सर्वेश तिथं नव्हता. "बोला भावजी."

"सुहासिनीन सांगितल्यान मां तुका? माका वाटलाच. तेल इला तेवाच समाजला." तो थांबला. "दादाक खांदो देवक येवक गावला नाय, वयनी. माका उठान उभ्या रवाक येय नसा."

"भावजी, कित्या लपवलात?"

"दादा थंय मरणाच्या दारात. तू थंय एकटी. तेच्यात माझो पाय तुका कशाक सांगू? तू म्हटला असतास, तेल धाडूक नाय म्हणान झाला. वर्षभर तेच घेवन बसला असतास."

वनमालाच्या हातात मेथीची काडी होती. ती मोडून मोडून संपली.

"मी तुमका वाईट समाजलंय, भावजी."

"समाजतलंसच. मी असतंय तर मी पण समाजलो असतंय." मग तो घाईनं म्हणाला, "थांब हां, सर्वेशाकडे देतंय. आवाज इलो हा वरच्या कोपऱ्यातसून."

सर्वेशचा दबका आवाज आला, "आई, फोन ठेवू नको." मग नुसती रातकिड्यांची किरकिर. कुणीतरी हळू चाललं, थांबलं. द्रौपदी मेथी बाजूला सारून फोनजवळ सरकली.

बार निघाला. फोनमधून तो फाटक्या कापडासारखा ऐकू आला, तरी दोघी दचकल्या. मागोमाग कुत्री, सुहासिनीचं ओरडणं, आणि सर्वेश, "गेले! आई, गेले, सगळे गेले, पिल्लांसकट गेले! काका बघ कसा हसतोय!"

वनमालानं द्रौपदीचा हात धरला. द्रौपदीच्या हाताला मेथीची माती लागलेली होती. तिनं तो तसाच घट्ट धरून ठेवला.

---

कार्तिकात धाकूचं वर्षश्राद्ध झालं. गुणाजी आणि सुहासिनी आदल्या दिवशीच आले. सर्वेशनं खांद्यावर तांदळाचं पोतं घेतलं होतं आणि गुणाजी मागं काठी टेकत, लंगडत येत होता. नात्यानं मोठी असूनही वनमाला पाया पडायला वाकली तर त्यानं तिला मधेच धरलं. "वयनी," तो म्हणाला.

श्राद्धाच्या दिवशी अंगणात पंगत बसली. हर्षद आपल्या आईला हाताला धरून घेऊन आला. आईनं वनमालाकडे बघून मान हलवली आणि पानावर बसली. द्रौपदी येऊन मागच्या बाजूला बायकांत उभी होती. वाढायला मदत करीन म्हणून पदर खोचून.

"द्रौपदीबाय खंय आसत?" गुणाजीनं विचारलं.

वनमालानं दाखवलं. गुणाजी काठी टेकत तिच्यापर्यंत गेला.

"तुमी बसा."

"मी वाढते की, दादा. तुमच्याकडची माणसं जेवू द्या आधी."

"ती जेवतली मगे." त्यानं आपल्या हातानं पहिल्या पंगतीत पाट मांडला. पाय दुमडत नव्हता म्हणून तो वाकून, काठीवर भार टाकून उभा राहिला आणि सुहासिनीकडून भाताचं भांडं मागून घेतलं. नवा भात होता, त्याच शेतातला, अजून वाफ निघत होती. श्राद्धाचं पान बाजूला काढून झालं होतं. जेवणाऱ्यांतलं कुणाचंच पान अजून वाढलं नव्हतं.

द्रौपदी पाटावर बसली. गुणाजीनं तिच्या पानावर भात वाढला.

"बास, दादा."

त्यानं आणखी वाढला.

"अहो बास, एवढा कुठं खाऊ?"

"खावा," गुणाजी म्हणाला आणि आणखी एक डाव वाढला. काठीवरचा तोल सांभाळताना थोडा भात पानाच्या बाहेर सांडला. द्रौपदीनं तो सांडलेला भात बोटांनी गोळा केला, पानावर घेतला आणि मान खाली घालून पहिला घास तोंडात घातला.

वनमाला वरणाची वाटी घेऊन तिच्या मागं उभी होती.